दोन लिटर पाण्यातला ‘फायटर’

शोभेच्या माशांच्या दुकानात शिरले, की कोपऱ्यातल्या फळीवर प्लास्टिकच्या पारदर्शक डब्यांची रांग दिसते. प्रत्येक डब्यात एकच मासा. कुणी निळाशार, कुणी लालभडक, पर एखाद्या ओढणीसारखे पसरलेले. ‘हा फायटर. याला पंप लागत नाही, फिल्टर लागत नाही, जागाही लागत नाही. बाउलमध्ये ठेवा आणि दिवसाला चार दाणे टाका, बस्स,’ असे दुकानदार सांगतो. वाढदिवसाला मुलाने मासा मागितलेला असतो, घरात मोठ्या टाकीला जागा नसते, त्यामुळे हा सल्ला सगळ्यांनाच सोयीचा वाटतो. काचेचा गोल बाउल, तळाशी रंगीत खडे, मध्ये एक प्लास्टिकचे झाड आणि त्यात फायटर अशी मांडणी टीव्हीशेजारी विराजमान होते.

पहिला आठवडा मजेत जातो. दुसऱ्या आठवड्यात मासा तळाशी बसून राहू लागतो. शेपटीच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात, रंग उतरतो. एका सकाळी तो पाण्यावर आडवा तरंगत असतो. ‘घरावरचे काही संकट होते, ते त्याने स्वतःवर घेतले,’ असे घरातले वडीलधारे सांगतात. मुलाची समजूत निघते आणि पुढच्या रविवारी त्याच बाउलमध्ये नवा मासा येतो.

अशा मृत्यूचे कारण बहुतेक वेळा बाउलमधल्या पाण्यातच असते आणि ते टाळता येण्यासारखे असते. त्यासाठी हा मासा मुळात कसा जगतो आणि त्याच्या चिवटपणाचा आपण कोणता चुकीचा अर्थ काढतो, हे समजून घ्यायला हवे.

खाचरातला मासा

फायटर म्हणजेच बेट्टा हा मूळचा थायलंडचा. चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातली भातखाचरे, दलदली आणि संथ ओहोळ हे त्याचे घर. थाई भाषेत त्याला ‘प्ला कट’, म्हणजे चावणारा मासा म्हणतात. तिथे माशांच्या झुंजी लावण्याची परंपरा जुनी आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानुसार माणसाने हा मासा किमान एक हजार वर्षांपूर्वी पाळायला सुरुवात केली असावी. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा दर्जा दिला. रानातला बेट्टा मात्र दुकानातल्या माशासारखा दिसत नाही. तो मळकट तपकिरी-हिरवट आणि आखूड परांचा असतो. लांब पर आणि भडक रंग ही माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून घडवलेली देणगी आहे.

‘गुराच्या खुराने पडलेल्या खड्ड्यातही हा मासा राहतो,’ असे बाउलच्या समर्थनार्थ नेहमी सांगितले जाते. कडक उन्हाळ्यात डबक्यात अडकला, तर तो काही काळ तग धरतो, हे खरे. पण तो त्याच्यासाठी आणीबाणीचा काळ असतो. एरवी तो राहतो ते खाचर कसे असते, हे कोकणातले भातशेत डोळ्यांपुढे आणले तरी कळते. पाणी घोट्याएवढे किंवा गुडघ्याएवढे, पण पसारा एकरभर. त्यात झाडोरा, चिखल, सूक्ष्म जीव आणि पावसाने सतत मिळणारे ताजे पाणी. उथळ पाणी वेगळे आणि थोडे पाणी वेगळे. बेट्टाला उथळ पाणी मानवते, थोडे पाणी मानवत नाही.

श्वास हवेतला, विष पाण्यातले

बेट्टाला पंप का लागत नाही, याचे उत्तर त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत आहे. तिथे रक्तवाहिन्यांनी भरलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या घड्यांचे एक इंद्रिय असते. या घड्यांच्या गुंत्यामुळेच त्याला ‘लॅबिरिंथ’, म्हणजे भूलभुलैया असे नाव पडले. मासा पाण्याच्या पृष्ठभागावर येतो, तोंडाने हवेचा घोट घेतो आणि या इंद्रियातून त्यातला प्राणवायू रक्तात जातो. त्यामुळे ज्या पाण्यात गोल्डफिश गुदमरेल, त्या पाण्यात बेट्टा जिवंत राहतो.

इथेच गैरसमजाला सुरुवात होते. प्राणवायूची सोय झाली म्हणजे सगळे झाले, असे आपण धरून चालतो. पण माशाचे कल्ले फक्त श्वासासाठी नसतात. अन्नातली प्रथिने पचली, की उरलेला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर टाकावा लागतो. हे काम मुख्यतः कल्ल्यांमधून होते. विष्ठा आणि न खाल्लेले दाणे कुजूनही अमोनियाच तयार होतो. खाचरात तो लाखो लिटर पाण्यात विरून जातो, वनस्पती आणि जिवाणू त्याचा फडशा पाडतात. बाउलमध्ये तो माशाभोवतीच साठतो. बाहेर अमोनिया वाढला, की आतला बाहेर पडणे अवघड होते आणि तो रक्तात साचू लागतो. लॅबिरिंथ माशाला गुदमरण्यापासून वाचवते, या विषापासून वाचवू शकत नाही.

एक साधा हिशेब करून पाहू. समजा, मासा दिवसाला ५० मिलिग्रॅम खाद्य खातो आणि त्यात ४० टक्के प्रथिने आहेत. म्हणजे २० मिलिग्रॅम प्रथिने. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ३.२ मिलिग्रॅम. त्यातला निम्मा अमोनियाच्या रूपात बाहेर आला असे धरले, तर तो १.६ मिलिग्रॅम होतो. दोन लिटरच्या बाउलमध्ये रोज लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम वाढ. चार दिवस पाणी बदलले नाही, तर ती ३.२ मिलिग्रॅमवर जाते. तोच मासा २० लिटरच्या टाकीत असेल, तर चार दिवसांनी हा आकडा फक्त ०.३२ असतो.

यातला सगळा अमोनिया सारखा घातक नसतो. किती भाग घातक रूपात राहील, हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरते. २५ अंश तापमानात सामू ७ असेल, तर शेकडा जेमतेम अर्धा भाग घातक असतो. सामू ८ झाला, की तो शेकडा पाचच्या वर जातो, म्हणजे जवळपास दसपट. वरच्या हिशेबातल्या ३.२ मिलिग्रॅमपैकी मग सुमारे ०.१६ मिलिग्रॅम घातक ठरतो. माशांच्या कल्ल्यांना इजा होऊ लागते ती ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे चौथ्या दिवशीच मर्यादा तिपटीने ओलांडलेली असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार सामू ६.५ ते ८.५ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. एका घरातला फायटर वर्षभर टिकतो आणि शेजारच्या घरातला तीन आठवड्यांत जातो, यामागचे कोडे नजरेने नव्हे, तर अनेकदा या फरकाने सुटते.

अडचण अशी, की अमोनिया दिसत नाही. पाणी काचेसारखे स्वच्छ असू शकते. चिवट बेट्टा लगेच मरतही नाही. तो मंदावतो, खाणे कमी करतो, त्याची रोगप्रतिकारशक्ती घटते आणि मग एखाद्या साध्या संसर्गाने जातो. घरच्यांना दिसतो तो शेवटचा संसर्ग.

घासून-पुसून केलेली चूक

अमोनियावर निसर्गाने उपाय ठेवला आहे. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर काही नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, पण नायट्रेट त्यामानाने बरेच सौम्य असते. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, तर खड्यांवर, काचेवर आणि विशेषतः फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात. ती वस्ती नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आता घरोघरी काय होते, ते पाहू. दर रविवारी मासा पेल्यात काढून ठेवला जातो, बाउल साबणाने लखलखीत घासला जातो, खडे गरम पाण्याने धुतले जातात आणि सगळे पाणी नवे भरले जाते. घरच्यांचा हेतू चांगला असतो, पण या एका धुण्यात जिवाणूंची वस्ती नाहीशी होते आणि सोमवारपासून पुन्हा शून्यातून सुरुवात. शिवाय माशाला तापमानाचा आणि सामूचा धक्का बसतो तो वेगळाच. साबणाचा अंश राहिला, तर कल्ल्यांना तोही बाधतो. बाउल घासायचाच असेल, तर नुसत्या मऊ स्पंजने आणि साध्या पाण्याने. फिल्टरचा स्पंज नळाखाली नव्हे, तर टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच पिळावा.

नव्या पाण्याचीही काळजी घ्यावी लागते. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरिन असतो. घरातल्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरावा, असे भारतीय मानक सांगते. आपल्याला ते सुरक्षित असते, पण माशाच्या नाजूक कल्ल्यांना ते भाजून काढते. पाणी रुंद तोंडाच्या बादलीत चोवीस तास उघडे ठेवले, की क्लोरिन उडून जातो. घाई असेल, तर दुकानात मिळणारे क्लोरिन काढणारे थेंब वापरावेत. या पाण्याचे तापमान बाउलमधल्या पाण्याइतकेच असावे. ‘आम्ही पितो तेच आरओचे पाणी देतो,’ असेही काही जण सांगतात. आरओच्या पाण्यातून क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात, त्यामुळे त्याचा सामू स्थिर राहत नाही आणि माशाला लागणारी खनिजेही मिळत नाहीत. नुसते आरओचे पाणी वापरू नये.

पुण्याची थंडी, नागपूरचे ऊन

मासा स्वतःच्या शरीराचे तापमान राखू शकत नाही. भोवतीचे पाणी जितके गरम, तितकाच तो गरम. बेट्टाला साधारण २४ ते २८ अंश तापमान मानवते. मुंबईत वर्षाचा बराच काळ हे आपोआप जुळते. पुणे, नाशिकच्या हिवाळी रात्रींत मात्र पारा दहा अंशांपर्यंत उतरतो आणि घरातले पाणीही विशीच्या खाली जाऊ शकते. अशा वेळी मासा सुस्तावतो, खाल्लेले पचत नाही आणि रोगांना वाट मिळते. विदर्भात मे महिन्यात नेमके उलटे होते.

पाणी जितके कमी, तितके ते लवकर तापते आणि लवकर निवते. दोन लिटरच्या बाउलमध्ये दिवसरात्रीचा फरक माशाला थेट सोसावा लागतो. त्यात भरवशाचा हीटर बसवणेही कठीण. वीस लिटरच्या टाकीत तापमान स्वतःहून नियंत्रित करणारा छोटा हीटर सहज बसतो. बाउल खिडकीत ठेवू नये. थेट उन्हाने पाणी झपाट्याने तापते आणि पाण्याने भरलेली गोल काच भिंगासारखी ऊन एका जागी गोळा करते, त्यामुळे जवळच्या पडद्यालाही धोका असतो. पंखा किंवा एसीचा झोत थेट पडेल अशी जागाही टाळावी.

दाणे मोजून, आरसा दुरून

बेट्टा मांसाहारी आहे. खाचरात तो डासांच्या अळ्या, पाण्यातले किडे टिपून खातो. पाव, पोळीचे तुकडे, भाताची शिते त्याच्यासाठी नाहीत. प्रथिनयुक्त दाणे दिवसातून दोनदा, एका वेळी दोन-तीन इतकेच पुरतात. दोन मिनिटांत संपले नाहीत, तर उरलेले काढून टाकावेत. आठवड्यातून एक दिवस उपास पडला, तर बिघडत नाही. घरात चार माणसे असतील आणि चौघेही प्रेमाने दाणे टाकत असतील, तर मासा फुगतो आणि पाणी नासते. दाणे टाकण्याचे काम एकाच्याच हाती असलेले बरे.

नर बेट्टाला दुसरा नर समोर दिसला, की तो कल्ल्यांची झाकणे उघडून, पर ताणून उभा ठाकतो. गोल काचेत त्याला स्वतःचेच प्रतिबिंब दिसते आणि तो दिवसभर न दिसणाऱ्या शत्रूशी लढत राहतो. मुलांना आरसा धरून ही गंमत पाहायला आवडते, पण माशासाठी तो थकवणारा ताण असतो. बाउलच्या मागच्या बाजूला गडद कागद लावला आणि आत लपायला झाडोरा दिला, की हा ताण कमी होतो. दोन नर कधीही एकत्र ठेवू नयेत. नराने पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे केले, म्हणजे तो खूश आहे, असे मानले जाते. प्रत्यक्षात ती प्रजननाची सहजप्रेरणा असते. वाईट पाण्यातही तो घरटे बांधू शकतो.

हा मासा पाहतो आणि लक्षातही ठेवतो. १९९८ मध्ये रुई ऑलिव्हेरा, पीटर मॅग्रेगर आणि क्लेअर लॅट्रुफ या संशोधकांनी बेट्टा नरांना इतर दोन नरांची झुंज काचेआडून पाहू दिली. नंतर त्या दोघांशी गाठ घालून दिली, तेव्हा पाहणारा नर हरलेल्याच्या अंगावर लवकर धावून गेला आणि जिंकलेल्याशी मात्र सावधपणे वागला. जी झुंज पाहिलीच नव्हती, तिच्यातल्या माशांबाबत त्याने असा फरक केला नाही. शोभेची वस्तू म्हणून टीव्हीशेजारी ठेवलेला जीव आजूबाजूचे इतके टिपत असतो.

आजार ओळखताना

निरोगी बेट्टा माणूस जवळ आला, की पुढे येतो, दाण्यांवर झडप घालतो, त्याचे पर मोकळे पसरलेले असतात. पर अंगाला चिकटवून तळाशी बसणे हे बिघाडाचे पहिले लक्षण. परांच्या कडा काळपट किंवा लालसर होऊन झिजणे म्हणजे पर कुजणे. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके किंवा सोनेरी भुकटीसारखा थर म्हणजे परजीवींचा संसर्ग. पोट फुगून खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिले, तर आतले अवयव निकामी होत असल्याची शक्यता असते आणि तिथून मासा क्वचितच परततो.

अशा वेळी बहुतेक जण दुकानातून निळ्या-पिवळ्या औषधाची बाटली आणतात. पण पहिला उपचार म्हणजे पाणी. अर्धे पाणी बदलून तापमान योग्य राखले, तर पर कुजण्याची सुरुवातीची अवस्था अनेकदा औषधाशिवाय आटोक्यात येते. पाणी तेच ठेवून त्यात औषध ओतले, तर माशाला आणखी एका रसायनाला तोंड द्यावे लागते. 

थायलंडमध्ये बेट्टा पाळणारे पाण्यात एका झाडाचे वाळलेले पान टाकतात. ते झाड मुंबई-कोकणात रस्तोरस्ती दिसणाऱ्या देशी बदामाचे आहे. त्यातून उतरणारी टॅनिन द्रव्ये पाण्याला चहासारखा रंग देतात आणि सामू किंचित खाली आणतात. पान वापरायचे, तर गळून पूर्ण वाळलेले, रहदारीपासून आणि फवारणीपासून दूरचे, स्वच्छ धुतलेले असावे. मात्र पान टाकले म्हणून पाणी बदलणे टळत नाही.

घरातल्या माणसांनीही थोडी काळजी घ्यायची असते. माशांच्या पाण्यात ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’ नावाचा जिवाणू असू शकतो. हातावरच्या जखमेतून तो शिरला, तर बरी व्हायला दीर्घ काळ घेणारी गाठ किंवा व्रण होतो. हाताला जखम असताना, मधुमेह किंवा कमी प्रतिकारशक्ती असताना हातमोजे घालावेत. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नये, बाउल स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुऊ नये आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. मासा असलेल्या बाउलमध्ये डासांच्या अळ्या टिकत नाहीत, तो त्या खातो. पण मासा गेल्यावर तसाच पडून राहिलेला बाउल आणि दिवसचे दिवस भरून ठेवलेली बादली डेंग्यूच्या डासाला हवीच असते.

बाउलच असेल तर...

बेट्टासाठी १५ ते २० लिटरची आयताकृती टाकी, संथ चालणारा स्पंज फिल्टर आणि जाळीचे झाकण ही चांगली व्यवस्था. स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कडेलाही ती मावते. ते शक्य होईपर्यंत बाउलच असेल, तर पुढील गोष्टी पाळाव्यात.

• बाउल किमान पाच लिटरचा असावा. दोन लिटरमध्ये रोज अर्धे पाणी बदलूनही वरच्या हिशेबातला अमोनिया आटोक्यात राहत नाही.

• दर दोन दिवसांनी निम्मे पाणी बदलावे. पाणी काढताना नळी तळाशी धरावी, म्हणजे विष्ठा आणि उरलेले दाणे निघून जातात. 

• पाणी गळ्यापर्यंत न भरता बाउलच्या सर्वांत रुंद भागापर्यंतच भरावे. पृष्ठभाग मोठा राहतो आणि श्वासाला जागा मिळते. 

• हा मासा उडी मारतो, म्हणून वर हवेशीर झाकण असावे.

• टोकदार प्लास्टिकच्या झाडांनी लांब पर फाटतात. त्याऐवजी जावा मॉससारखी खरी पाणवनस्पती ठेवावी. मनी प्लँटची मुळे पाण्यात सोडली, तरी ती नायट्रोजन शोषून घेतात. मात्र पृष्ठभाग पूर्ण झाकला जाता कामा नये.

• नको झाला म्हणून मासा तळ्यात किंवा नाल्यात सोडू नये. तो परदेशी मासा आहे. तिथल्या माशांना त्याचा त्रास होऊ शकतो.

नीट ठेवलेला बेट्टा साधारण तीन वर्षे जगतो. ज्याच्या वाढदिवसाला तो घरी आला, ते मूल तेवढ्या काळात तीन इयत्ता पुढे जाते. दर दोन दिवसांनी बादलीतले मुरवलेले पाणी आणून देणे, तळातली घाण काढणे, दाणे मोजून टाकणे ही कामे आठ-दहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या देखरेखीखाली सहज जमतात. त्यातून मासा आजारी पडलाच, तर ‘संकट त्याने घेतले’ यापेक्षा ‘पाणी कधी बदलले होते?’ हा प्रश्न त्या मुलाला आधी सुचेल.